गोळी घशाखाली उतरेपर्यंत

पावसाच्या तोंडाशी कोकणात सरपण आत घ्यायची घाई उडते. पडवीतल्या ढिगातला ओंडका उचलावा आणि सालीखाली दडलेल्या लाल विंचवानं बोटाला नांगी मारावी, हे रत्नागिरीच्या वाड्यांवर नवं नाही. जांभ्याच्या गडग्यात, कौलांच्या फटीत, शेणींच्या राशीत त्याचा मुक्काम असतो. या दंशाचा हिशेब जरा उलटा आहे. ज्याचा हात ठणकतोय आणि जो आरडाओरडा करतोय, त्याच्या जिवाला बहुधा धोका नसतो. जो ओकतो, घामानं निथळतो, ज्याच्या तोंडाला लाळ सुटते आणि हातपाय गार पडत जातात, त्याच्यासाठी मात्र धावाधाव करावी लागते. विषामुळे शरीरात वादळ उठतं, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर भार येतो आणि फुप्फुसांत पाणी भरतं.

पूर्वी अशा गंभीर रुग्णांपैकी शंभरातले तीसेक दगावत. रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली रुजू झालेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी हे मृत्यू जवळून पाहिले. रुग्णाच्या उशाशी बसून त्यांनी तासातासाची लक्षणं टिपली आणि १९८३ च्या सुमारास रक्तदाबावरची प्राझोसिन ही गोळी विंचूदंशावर वापरायला सुरुवात केली. मृत्यूचं प्रमाण शंभरात तीन-चारांवर आलं. पुढे लाल विंचवाचं प्रतिविष मिळू लागलं, तेव्हा नवा प्रश्न उभा राहिला: गोळी पुरेशी आहे, की जोडीला प्रतिविषही हवं? कोकणातल्याच डॉ. नातू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नावर काम केलं आणि २०१० मध्ये प्रतिविषाच्या बाजूनं निष्कर्ष मांडला. महाडला डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी ७० रुग्णांची चाचणी घेतली. कोणाला काय मिळणार हे दैवावर सोडलेलं होतं. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ती छापून आली. प्रतिविष आणि प्राझोसिन दोन्ही मिळालेल्या ३५ जणांपैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण सावरले. नुसती गोळी मिळालेल्या ३५ पैकी ८.

निकाल इतका लखलखीत आहे की वाचणारा तिथेच थांबतो. पण या चाचणीत प्रत्यक्ष काय काय दिलं गेलं ते पाहू. प्रतिविषाच्या कुप्या दिल्या गेल्या, हे खरंच. पण प्राझोसिनही नुसतं दिलं नव्हतं. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, लहान मुलाला त्याच्या निम्मं, दर तीन तासांनी आणि हातपाय गरम होईपर्यंत. पहिल्या गोळीनंतर रक्तदाब एकदम पडू शकतो, म्हणून रुग्णाला आडवंच ठेवायचं. घाबरलेली आई पोराला उचलून खांद्यावर घेते, तेच नेमकं करू द्यायचं नाही. त्वचेला हात लावून ऊब आली का पाहायची, नाडी मोजायची, छातीला नळी लावायची आणि हे सगळं घड्याळ लावून रात्रभर करायचं. हे करत होते विंचूदंशात तीसेक वर्षं मुरलेले डॉक्टर. तेच प्रतिविष आणि तीच गोळी मंडणगड किंवा राजापूर तालुक्यातल्या एखाद्या आरोग्य केंद्रात नव्यानं रुजू झालेल्या डॉक्टरच्या हाती मध्यरात्री पडली, तर तो तोच उपचार म्हणायचा का?

वैद्यकीय चाचण्यांच्या दुनियेत हा प्रश्न बराच काळ कोपऱ्यात पडून होता. औषध कोणतं, रुग्ण किती, तुलना कशाशी, निकाल काय, यावर शास्त्रज्ञांनी ग्रंथ लिहिले. ठरवलेला उपाय रुग्णापर्यंत ठरवल्याप्रमाणे पोहोचला का, हे मात्र गृहीत धरलं गेलं. उकडीच्या मोदकाची कृती पुस्तकात चार ओळींत मावते. पारी फाटली तर दोष तांदळाच्या पिठाचा, पाण्याचा, आचेचा की हाताचा, ते कृती वाचून कळत नाही. चाचणी फसली की हाच घोळ होतो. उपायात दम नव्हता, की तो दिलाच गेला नाही? या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण निकालाच्या तक्त्यात दोन्ही सारखेच दिसतात.

खरं तर भारतात हा प्रश्न फार लवकर ओळखला गेला होता. मद्रासच्या क्षयरोग संशोधन केंद्रात १९५६ पासून एक धाडसी तुलना सुरू झाली: सॅनेटोरियममध्ये ठेवून उपचार केलेले रुग्ण एकीकडे आणि झोपडपट्टीतल्या घरी राहून गोळ्या घेणारे दुसरीकडे. घरचे रुग्ण गोळ्या घेतील यावर त्या काळात कोणाचा विश्वास नव्हता. संशोधकांचाही नव्हता, म्हणून त्यांनी न सांगता घरी जाऊन गोळ्या मोजल्या आणि लघवी तपासून औषध पोटात गेल्याची खात्री केली. १९५९ मध्ये निकाल आला. घरचा उपचार सॅनेटोरियमच्या तोडीचा ठरला आणि क्षयरोगाच्या उपचाराची जगभरची रीत बदलली. गोळी लिहून दिल्याची नोंद आणि गोळी गिळल्याची नोंद वेगळी ठेवली होती, म्हणून त्या निकालावर जगानं विश्वास ठेवला.

हा धडा जग पुन:पुन्हा विसरलं. दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिंबाब्वेमधल्या पाच हजारांहून अधिक स्त्रियांवर ‘व्हॉइस’ नावाची चाचणी झाली. रोजच्या गोळीनं किंवा जेलनं एचआयव्हीची लागण टळते का, ते पाहायचं होतं. विचारलं की बहुतेक जणी नियमित घेतो म्हणत. परत आणलेल्या गोळ्यांची मोजदादही तेच सांगत होती. रक्त तपासलं तेव्हा औषधाचा अंश जेमतेम पंचवीस ते तीस टक्के नमुन्यांत सापडला. गोळ्या कुठे गेल्या, हे त्या स्त्रियांनाच ठाऊक. घरच्यांची भीती, शेजाऱ्यांची कुजबुज, आणि शिवाय नीट धडधाकट बाईनं रोज औषध का घ्यावं हा साधा प्रश्न. २०१५ मध्ये छापलेला निकाल ‘उपयोग नाही’ असा आला, पण उपयोग नाही कशाचा, याचं उत्तर त्या रक्ताच्या नमुन्यांत होतं.

भातलावणीच्या दिवसांत याच प्रश्नाचं कोकणी रूप दिसतं. गुडघाभर चिखलात वाकून लावणी करणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. तो टाळायला आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन घ्यावं, या सल्ल्यामागचा गाजलेला पुरावा कुठला? पनामाच्या जंगलात प्रशिक्षणाला गेलेल्या ९४० अमेरिकन सैनिकांचा. १९८४ साली छापलेल्या त्या चाचणीत गोळी न मिळालेल्या गटात २० जण आजारी पडले, गोळी घेणाऱ्यांत एक. पुढे अंदमानात वस्तीवरच्या लोकांमध्ये तोच प्रयोग झाला, तेव्हा आजारपण घटलं पण लागण काही थांबली नाही. ठिकाण, जंतू, संपर्काचा काळ, सगळंच वेगळं होतं, त्यामुळे सारा दोष गोळी चुकण्यावर ढकलणं बरोबर होणार नाही. तरीही छावणीतला जवान आणि पहाटे भाकरी बांधून शेतावर निघालेली बाई यांना एकाच कागदावरच्या एकाच ओळीनं औषध ‘दिलं’ जातं, ही गंमत नजरेआड करता येत नाही.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर या विषयाची सगळ्यात मोठी प्रयोगशाळा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची. इथे थोडं थांबायला हवं.

१९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात एक प्रचंड चाचणी सुरू झाली. बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा स्मारक केंद्र आणि कर्करोग संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था अशी तिघांची मोट होती. गावांचे ५२ गट पाडले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यांत आल्या. एका भागात एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर, तिसऱ्यात ‘व्हीआयए’, आणि चौथ्यात नेहमीची व्यवस्था, म्हणजे प्रत्यक्षात तपासणी काहीच नाही. व्हीआयए ही गरिबाची तपासणी. व्हिनेगरसारखं सौम्य ॲसिटिक आम्ल गर्भाशयमुखाला लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि पांढरा चट्टा उठतो का ते विजेच्या उजेडात नुसत्या डोळ्यांनी पाहायचं. प्रयोगशाळा नको, दुसऱ्या दिवशी परत येणं नको.

२००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निकाल आला. एचपीव्ही तपासणीच्या गटात या कर्करोगानं ३४ मृत्यू झाले, काहीच न तपासलेल्या गटात ६४. एका फेरीत मृत्यू जवळजवळ निम्मे. पॅप आणि व्हीआयएनं मात्र आकड्यांत ठाम म्हणावा असा फरक पडला नाही.

व्हीआयए बाद, असं म्हणून फाइल मिटता आली असती. पण तमिळनाडूतल्या दिंडिगल जिल्ह्यात नर्सेसनी केलेल्या व्हीआयएच्या एकाच फेरीनं मृत्यू ३५ टक्क्यांनी घटल्याचं २००७ मध्येच छापून आलं होतं. मुंबईत टाटा स्मारकानं झोपडपट्ट्यांतल्या दीड लाख स्त्रियांवर वेगळी चाचणी चालवली होती. दहावीपर्यंत शिकलेल्या, त्याच वस्त्यांच्या जवळपास राहणाऱ्या बायकांना शिकवून तयार केलं. दर दोन वर्षांनी एक अशा चार फेऱ्या झाल्या. तपासणाऱ्या बाईचं निदान तज्ज्ञांच्या निदानाशी ताडून पाहिलं जाई. २०१४ मध्ये निकाल आला: मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी.

म्हणजे तपासणीचं नाव एक, आम्ल तेच, आणि तीन जिल्ह्यांत उत्तरं दोन. याचं एकच एक कारण सांगणारा माणूस बहुधा घाई करतो. फेऱ्यांची संख्या म्हणावी, तर दिंडिगलला एकच फेरी होती. एवढं मात्र दिसतं की व्हीआयए दर वेळी नव्यानं घडते. बाईच्या डोळ्यांवर, बॅटरीच्या उजेडावर, सकाळपासूनची कितवी बाई आहे त्यावर ती बदलते. एचपीव्हीच्या तपासणीत निवाडा गावातून उचलून प्रयोगशाळेतल्या यंत्रावर नेलेला असतो. गावातल्या हाताकडे फक्त नमुना नीट घेण्याचं काम उरतं. जिथे उपाय माणसाच्या कसबावर टेकलेला असतो तिथे त्या कसबाची देखभाल हाही उपायाचाच भाग धरावा लागतो. मुंबईच्या चाचणीत ती देखभाल होती.

आणि तरीही गळती होतीच. मुंबईत बोलावलेल्यांपैकी ८९ टक्के तपासणीला आल्या, संशय निघालेल्यांपैकी ७९ टक्के पुढच्या खात्रीच्या तपासणीपर्यंत पोहोचल्या. पाच जणींमागे एक मध्येच थांबली. कुणाचा नवरा नको म्हणाला, कुणाची पाळी आली, कुणाला काही त्रासच नव्हता. चाचणीच्या मनुष्यबळात, घरोघरी चार-चार चकरा मारून हे प्रमाण आहे. सरकारनं २०१६ मध्ये ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी व्हीआयए करायचं ठरवलं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या शंभरातल्या दोघींचीही आयुष्यात एकदा तपासणी झालेली नव्हती. शास्त्र सिद्ध झालं होतं, ते पोहोचवणारी माणसं आणि त्यांचे चार-चार हेलपाटे मात्र चाचणीबरोबरच संपले होते.

तपासणी न मिळालेल्या गटांतल्या स्त्रियांचं काय, हा सवाल पुढे परदेशातल्या आणि इथल्या टीकाकारांनी विचारला आणि तो योग्यच होता. ‘नेहमीची व्यवस्था’ म्हणजे व्यवस्थाच नसणं असेल, तर तुलना कागदावर नेटकी होते आणि गावात अवघड.

कधी कधी पोहोचवण्यातला बिघाडच उत्तर देऊन जातो. एचपीव्हीच्या लशीचे तीन डोस द्यावेत की दोन, हे ठरवायला २००९ मध्ये भारतात नऊ केंद्रांवर चाचणी सुरू झाली. पुणे, मुंबई आणि बार्शी त्यांत होतं. वीस हजार मुली घ्यायच्या होत्या. एप्रिल २०१० मध्ये आंध्र आणि गुजरातमधल्या एका वेगळ्याच लसीकरण प्रकल्पावरून वादळ उठलं आणि सरकारनं देशातलं एचपीव्ही लशीचं सगळं संशोधन थांबवलं. तोवर १७,७२९ मुलींना सुई टोचून झाली होती. कुणाला तीन डोस, कुणाला दोन आणि सुमारे ४,९५० जणींना एकच. मूळ आराखडा मोडला. संशोधकांनी मात्र एकही मुलगी वहीतून गाळली नाही. कोणाला कधी किती मिळालं याची चोख नोंद ठेवून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २०२१ च्या निकालात एका डोसनं विषाणूच्या चिवट लागणीपासून ९५ टक्के संरक्षण मिळाल्याचं दिसलं, तीन डोसांच्या तोडीचं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एका डोसाचा पर्याय मान्य केला, त्यामागच्या पुराव्यांत या अर्धवट राहिलेल्या लसीकरणाचाही वाटा आहे. नोंदी ढिसाळ असत्या तर तो नुसता फसलेला प्रयोग ठरला असता.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं उलट्या टोकापासून सुरुवात केली. उपाय आधी ठरवून माणूस शोधला नाही. माणूस डोळ्यांपुढे ठेवून उपाय घडवला. बाळाला न्यूमोनिया आहे का हे कळायला मिनिटाला श्वास किती ते मोजावं लागतं. अक्षरओळख नसलेल्या दाईला साठपर्यंत मोजायला कसं सांगणार? म्हणून लाकडी चौकटीतला श्वासमापक तयार झाला: एका मिनिटाची वाळूची घडी आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोहोचलं तर औषध द्यायचं. आकडेमोड बोटांनी केली.

त्यानंतरची नवजात बाळांच्या घरगुती काळजीची चाचणी जगभर गाजली. ३९ गावांत आरोग्यदूत असलेल्या बायका बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन, तापमान पाहत, ऊब राखत, आणि जंतुसंसर्ग दिसला तर जेंटामायसिनचं इंजेक्शनही देत. तिसऱ्या वर्षापर्यंत हजारी ६२ चा नवजात मृत्युदर २५ वर आला. तुलनेच्या ४७ गावांत तो साठच्या घरातच घुटमळला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’नं हे छापलं. २०११ मध्ये देशभर आशाताईंच्या हाती हाच उपक्रम सोपवला गेला, पण वाटेत त्याचा आकार बदलला. इंजेक्शन आशाच्या पिशवीत आलं नाही, ते नर्सबाईंकडे ठेवलं गेलं. गडचिरोलीत पर्यवेक्षक ठरावीक दिवसांनी येऊन आरोग्यदूताच्या वह्या तपासत, तिच्यासोबत घरी जात. आशाच्या वाट्याला सहा भेटींचे २५० रुपये आणि भरायचा तक्ता आला. नाव तेच राहिलं, हे कागदावर सोयीचं असतं.

देखभाल म्हणजे काय, याचं फार बारकाईचं उत्तर कोकणाला लागून असलेल्या गोव्यात सापडतं. ‘संगत’ या संस्थेनं तिथल्या आरोग्य केंद्रांत मानसोपचाराचं कोणतंही शिक्षण नसलेल्या माणसांना समुपदेशक म्हणून उभं केलं. ‘मानस’ नावाच्या पहिल्या चाचणीचा निकाल २०१० मध्ये आला. २४ केंद्रांपैकी निम्मी सरकारी, निम्मी खासगी दवाखाने. सरकारी केंद्रांत बरं होण्याचं प्रमाण ४२ टक्क्यांवरून ६६ वर गेलं. खासगी दवाखान्यांत काहीच फरक पडला नाही, कारण तिथल्या ओळखीच्या फॅमिली डॉक्टरांकडे जाणारे रुग्ण तसेही सुधारत होते. उपाय एकच, पण तो कुठल्या दारातून आत येतो त्यावर त्याची किंमत बदलली.

पुढच्या चाचणीत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांना घेतलं. सहा ते आठ बैठका, प्रत्येकी अर्धा-पाऊण तास. घरी किंवा केंद्रात, कोकणी, मराठी, हिंदी जी बोली चालेल तिच्यात. या बैठका ठरल्याप्रमाणे होतात की नुसत्या धीर देण्याच्या गप्पा होतात, हे कळणार कसं? बैठकांचं ध्वनिमुद्रण केलं गेलं. समुपदेशक गटानं बसून एकमेकांची मुद्रणं ऐकत आणि ठरलेल्या फूटपट्टीवर गुण देत: रुग्णाला बोलू दिलं का, गेल्या खेपेचा गृहपाठ विचारला का, पुढच्या आठवड्यात करायची एक ठोस गोष्ट ठरवली का. हे गुण तज्ज्ञांच्या गुणांशी बऱ्यापैकी जुळतात, हेही वेगळं तपासून पाहिलं. मानसोपचारतज्ज्ञ जिथे मिळतच नाहीत तिथे गुणवत्तेवर पहारा ठेवायचा हा मार्ग आहे, आणि तो स्वस्त आहे. २०१७ च्या निकालात नैराश्यातून बाहेर आलेल्यांचं प्रमाण ६४ टक्के, नेहमीच्या व्यवस्थेत ३९. चाचणीचे आकडे सगळेच सांगतात, पण शेजारच्या खुर्चीतल्या सहकाऱ्याची ध्वनिफीत ऐकून त्याला तोंडावर कमी गुण देणं ही या कामातली खरी अवघड गोष्ट असावी.

पहारा उठला की काय होतं, ते उत्तर प्रदेशात दिसलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावाशी नातं सांगणारे अमेरिकेतले शल्यविशारद डॉ. अतुल गावंडे यांच्या संस्थेनं प्रसूतिगृहांसाठी २८ मुद्द्यांची यादी केली: हात धुतले का, हातमोजे आहेत का, रक्तदाब पाहिला का. १२० केंद्रांत चाचणी झाली. निम्म्या केंद्रांत प्रशिक्षक जाऊन नर्सेसना यादी वापरायला शिकवत, सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, मग कमी कमी. दुसऱ्या महिन्यात आवश्यक गोष्टींपैकी ७३ टक्के होऊ लागल्या, इतरत्र ४२. बारावा महिना उजाडला, प्रशिक्षक केव्हाच परतले होते, प्रमाण ६२ वर घसरलं. आणि मृत्यू व गंभीर गुंतागुंत दोन्हीकडे पंधरा टक्क्यांच्या आसपास, अगदी सारखी. इथे दुसरा कडवट मुद्दा आहे. यादी पोहोचली होती, बऱ्यापैकी पाळलीही गेली होती. पण यादीतला हातमोजा चढवून पुढे रक्त हवं, सिझेरियन हवं, तर ते कुठे होतं? पोहोचवणं सुधारलं तरी जे पोहोचवलं ते पुरेसं असेलच असं नाही. ही शक्यता त्या गटानं लपवली नाही, आणि तिला उत्तर देता आलं ते पाळणूक मोजली होती म्हणूनच.

हे सगळं जमेला धरून संशोधकांनी गेल्या दहा-बारा वर्षांत काही रीती बसवल्या आहेत. २०१३ मधल्या एका पाहणीत औषधाव्यतिरिक्तच्या उपायांचं, म्हणजे व्यायाम, समुपदेशन, प्रशिक्षण यांचं वर्णन तपासलं गेलं. छापील लेख वाचून दुसऱ्याला तो उपाय जसाच्या तसा करता येईल असं वर्णन फक्त ३९ टक्के उपायांचं होतं. लेखकांना पत्रं लिहून विचारल्यावर ते ५९ वर गेलं. बाकीचे उपाय जणू करणाऱ्याच्या डोक्यातच राहिले. त्यातून २०१४ मध्ये बारा मुद्द्यांची एक यादी आली: काय दिलं, कोणी, कुठे, किती वेळा, किती बदल केले, ठरवलं किती आणि झालं किती. भारतात २००७ पासून चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही आहे आणि २००९ पासून नोंदणी सक्तीची आहे. त्या अर्जातही उपायाचा रकाना असतो. बहुतेकदा तिथे औषधाचं नाव आणि मात्रा एवढंच लिहिलेलं सापडतं.

रीतींपेक्षा एक समज अधिक कामाची वाटते. उपायाचं रूप आणि त्याचं काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रूप बदलू द्यावं, काम सांभाळावं. श्वासमापकाचे मणी असोत की मोबाइलवरची टिकटिक, श्वास मोजला गेला पाहिजे. गोव्यातली बैठक माडाच्या सावलीत झाली तर बिघडत नाही; गृहपाठ विचारायचा राहिला तर बिघडतं. यातलं कोणतं ढिलं सोडता येतं आणि कोणतं घट्ट धरायचं, हे चाचणी सुरू व्हायच्या आधी ठरवून लिहिलेलं असलं पाहिजे. बहुतेक ठिकाणी ते निकाल फसल्यावर आठवतं.

रत्नागिरीत ते ठरवणं किती स्थानिक असतं, ते पाहण्यासारखं आहे. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, राज्यात सर्वांत जास्त. कारण उघड आहे, पुरुष मुंबईला. लोकसंख्येतले आठ दशांश लोक खेड्यांत, आणि खेडं म्हणजे एक गाव नव्हे. डोंगराच्या कुशीत विखुरलेल्या आठ-दहा वाड्या. वाड्यांमधल्या वाटेत दोन पऱ्हे लागतात आणि जुलैत ते पायी ओलांडता येत नाहीत. आंब्याच्या हंगामात मार्च ते मे घरात माणूस सापडत नाही, शिमग्याला नि गणपतीला सगळे सापडतात पण कोणी थांबत नाही. एखाद्या चाचणीत ‘दर चार आठवड्यांनी पाठपुरावा’ असं लिहिलं असेल तर ते चार आठवडे या पंचांगाशी भिडणारच. डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे, रत्नागिरीत १८८६ सालापासूनचं मनोरुग्णालय आहे, आणि आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आलं आहे. म्हणजे चाचण्या इथे होतील. बाहेर सिद्ध झालेले उपाय तर येतच असतात.

नवजात बाळाच्या घरभेटींचंच घ्या. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशानं घरी जायचं. पहिलं बाळंतपण माहेरी. सव्वा महिना झाला की बाळंतीण सासरी जायची, आणि सासर म्हणजे बऱ्याचदा नालासोपाऱ्याची किंवा दिव्याची चाळ. सव्वा महिना म्हणजे सदतीस-अडतीस दिवस. पाच भेटी वाडीवर होतात. सहाव्या भेटीला आशाताई घरी पोहोचतात तेव्हा अंगणात आजी डाळ वाळवत असते, दोरीवर एक राहिलेलं दुपटं असतं, आणि तक्त्यातल्या शेवटच्या रकान्यात वजनाच्या जागी लिहिलं जातं: मुंबईस गेली.